नेमापाशीचा डाग

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि नव्या पोरांना तो मी पहिल्याच दिवशी सुनावते. तुम्हाला दिसलेला बग, म्हणजे गेममधली चूक, दुसऱ्याच्या मशीनवरही दिसला पाहिजे. नाही दिसला तर तो बग नाही, तुमचा भास. याला आम्ही ‘रिप्रो’ म्हणतो. रिप्रो झाला तर बग डेव्हलपरकडे जातो, नाही झाला तर मी तो बंद करते. हे बंद करायचं काम माझ्याकडे असल्यामुळे ऑफिसात माझ्यावर फारसं कुणी प्रेम करत नाही, आणि मलाही त्याची काही पडलेली नाही.

ऑफिस मरोळला, माझ्या घरापासून चालत. परदेशी कंपन्यांचे गेम बाजारात यायच्या आधी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांतल्या चित्रांच्या चुका शोधतो. सावली पायापासून सुटलेली असते, पाण्यावर जांभळे चौकोन येतात, एखाद्या बाईचा चेहरा ताणला जाऊन शेजारच्या खांबाला चिकटतो. माझी मम्मी सगळ्या गावठाणाला सांगते की आमची यव्होन खेळण्याचा पगार घेते. तिला काय माहीत, गेममधल्या एकाच भिंतीसमोर दिवसभर उभं राहून डोळ्यांचा भुगा होतो तो.

या कामात सुयोग मेस्त्री आम्हा सगळ्यांचा बाप होता. गेममधली गाडी सुसाट पळत असताना रस्त्याकडेच्या एका खिडकीचा रंग चुकलाय, हे त्याला पळत्या गाडीतून दिसायचं. पोरं त्याला घार म्हणायची. विक्रोळीला कन्नमवार नगरात तो आणि त्याची आई, दोघंच. वडील गेल्यापासून घर त्याच्या पगारावर चालायचं आणि पगार त्याच्या डोळ्यांवर.

म्हणून त्याचा तो बग मला रिप्रो झाला नाही, तेव्हा आधी मी स्वतःवरच वैतागले. बंदूकबाजीचा गेम होता. अशा गेममध्ये स्क्रीनच्या मधोमध एक बारीक फुली असते, तिने नेम धरायचा. सुयोगने लिहिलं होतं, ‘नेमापाशी राखाडी डाग. गेम सुरू झाल्या झाल्या दिसतो. नेम हलवला की डागही हलतो.’ सोबत स्क्रीनशॉट जोडला होता. त्यात फुली होती, वाळवंट होतं, उंट होता. डाग नव्हता.

“सुयोग, साफ फोटो लावलायस तू.”

“फोटोत येत नाही गं तो. स्क्रीनवर बघ ना.”

मी त्याच्या खुर्चीत बसून बघितलं. काही नाही. तो माझ्या खांद्यामागून बोट दाखवत राहिला. “हा काय, इथे. आता उंटावर. आता परत मध्ये.” त्याचं बोट कुठे जातंय ते मला दिसत होतं, पण बोटाखाली उंटाशिवाय काही नव्हतं.

आता स्क्रीनशॉट मशीनच्या आतून घेतला जातो. त्यात डाग नाही म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही ठीक, गडबड पुढे, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये. आम्ही केबल बदलली. मॉनिटर बदलला. मग तो अडून बसला म्हणून कार्डही बदललं, ते चालवणारे ड्रायव्हर पुसून नवे टाकले, पंख्यातली धूळ काढली. शेवटी मी माझ्या मोबाइलने स्क्रीनचाच फोटो काढला. तोही साफ. मी बग बंद केला. संध्याकाळच्या आत त्याने तो परत उघडला.

असा तो बग आमच्यात पिंगपाँगसारखा फिरला. मग सुयोग पलीकडच्या खोलीत, आमच्या टीममधल्या डेल्रॉयच्या मशीनवर जाऊन बसला, तर डाग तिथेही हजर. डेल्रॉयचं तोंड कधी बंद नसतं. तो म्हणाला, “पाळीव आहे रे तुझा डाग. तू जाशील तिथे मागे येतो.” सगळे हसले. मीही हसले. सुयोग हसला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने लाल रंगाचे बग टाकायला सुरुवात केली. शत्रूचा झेंडा फिका. रक्त मातकट. धोक्याचा दिवा विटलेला. एकही रिप्रो होईना. झेंडा चांगला कुंकवासारखा लाल होता, मी रंगाचे आकडेसुद्धा तपासले. आमचा टीम लीड सुबोध तसा मवाळ माणूस, पण त्याच्याही डोक्यावर क्लायंट बसलेला. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर सुयोगला या महिनाअखेर सोडावं लागेल, आणि सोडलेल्या माणसाला या लाइनीत परत कुणी विचारत नाही. “तू बोल त्याच्याशी,” म्हणाला. अप्रिय कामं माझ्याकडेच येतात.

दुपारी कँटीनमध्ये मी त्याच्यासमोर डबा घेऊन बसले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून आले होते. “तुला वेड लागलंय का रे? वाट लावून घेतोयस स्वतःची. सुबोध तुला काढायला निघालाय, कळतंय का?”

“कळतंय ना,” तो म्हणाला. माझ्या कानाकडे बघत.

मी कानाला हात लावला. काही लागलेलं नव्हतं. मी जरा सरकून बसले, तर त्याची नजरही सरकली आणि पुन्हा कानावर येऊन थांबली. माझ्याशी बोलत होता, मान हलवत होता, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. ताटातला बोंबील त्याने बोटांनी चाचपून उचलला. माझ्या हातातला घास हातातच राहिला. केबल बदलली, मॉनिटर बदलला, कार्ड बदललं, मशीन बदललं, खोलीसुद्धा बदलली. सगळ्या जागी एकच गोष्ट तीच राहिली होती आणि ती माझ्यासमोर बसून जेवत होती. मी फार घाबरले.

त्याला तसंच उठवून जिन्यात नेलं. तिथे भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला आहे. “डावा डोळा झाक. सिलिंडर कुठल्या रंगाचा?”

“लालच असणार.”

“असणार नको. दिसतो कुठला?”

त्याने मान तिरकी केली. मग म्हणाला, “विटकरी. मधला भाग नाहीच.”

“आता उजवा झाक.”

त्याने उजवा झाकला आणि भिंतीला हात टेकला. “या डोळ्याने मधलं काहीच नाही दिसत गं. कधीपासून ते आठवत नाही. दुसरा चांगला होता तोवर चाललं. आता त्यातही आलाय.”

मला इतका राग आला की त्याच्या दंडावर मी चापटच मारली. “आणि हे तुला माहीत होतं? गेममध्ये काही नाहीये, हे माहीत होतं?”

“दाढी करताना आरशात माझं नाक नव्हतं दिसत,” तो म्हणाला. “माहीत होतं.”

“मग आमच्या डोक्याला ताप कशाला दिलास? बग कशाला टाकत बसलास?”

“वाटायचं, एकदा तरी तू म्हणशील, हो रे, मलाही दिसतोय.”

मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस. तर त्याने जे सांगितलं ते मी आजवर कुणाच्या घरी ऐकलं नव्हतं. त्याचा मामा, दशरथ, परळच्या मिलमध्ये होता. ऐन तरुणपणी काही महिन्यांत त्याचे डोळे गेले. चाळीतल्या सगळ्यांनी ठरवलं की हा खोपटात जाऊन नासकी दारू प्यायला. तशी दारू पिऊन आंधळी झालेली माणसं त्यांनी बघितली होती, त्यामुळे दुसरं काही असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. मामा शपथा घेत राहिला. कुणी ऐकलं नाही. त्याला गावी, कुडाळकडे पाठवून दिलं, आणि सख्खी बहीण असून सुयोगच्या आईने त्यानंतर त्याला भाऊबीजेला ओवाळलं नाही. सुयोगला तिने लहानपणी देवासमोर दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली होती. ऑफिसच्या पार्टीत तो सरबताचा ग्लाससुद्धा आधी वास घेऊन मग तोंडाला लावायचा, त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं.

“मी कधीच घेतली नाही गं,” तो म्हणाला. “म्हणून मला हे होणारच नाही असं वाटायचं. आणि झालंय म्हटलं की घरी काय समजतील?”

मी सुबोधला सांगून दोघांची रजा टाकली आणि त्याला घाटकोपरच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. त्याच्या आईला, वनमालाकाकींना, रिक्षातूनच फोन केला. फोनवर फक्त म्हटलं, सुयोगच्या डोळ्यांना त्रास होतोय, या. त्या आमच्या आधी पोचल्या होत्या. बारीक चणीच्या, घामाघूम, हातात रिकामी पिशवी. आम्ही आत शिरल्याबरोबर त्या उठल्या, लेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून खाली ओढला आणि त्याच्या तोंडाचा वास घेतला. भरल्या वेटिंग रूममध्ये. सुयोगने निमूटपणे तोंड उघडलं. लाजेने माझी मान खाली गेली. दोघांपैकी कुणासाठी, ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. थेंब घातले, यंत्रं लावली, रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली, बराच वेळ घेतला. मग काकींना विचारलं, “तुमच्या माहेरी कुणा पुरुषाची दृष्टी अशी तरुणपणी गेली होती?”

“भावाची,” काकी म्हणाल्या. “पण ती दारूने.”

“तो प्यायचा?”

“तो नाय म्हणायचा. सगळेच नाय म्हणतत.”

डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. रक्त तपासायला पाठवतो, पण त्यांना फारशी शंका नाही. हा दोष आईकडून मुलांना येतो. बाईला सहसा काही होत नाही, तिच्या मुलाला होतं, भावाला होतं. दारू न पिताही होतं. औषध सुरू करू, काहींना थोडं परत दिसायला लागतं, पण मधली नजर येईलच असं त्या म्हणणार नाहीत. कडेचं बहुतेक राहील.

काकी हुंदका देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर बाकड्यावर आल्यावर त्यांनी मोबाइल काढून माझ्या हातात दिला. “गावच्या शेजाऱ्याचो नंबर लाव गो बाय. दशरथ मेस्... नाय, दशरथ परब म्हण. त्याका बोलावतील.” घाबरून भावाला त्या सासरचं आडनाव लावत होत्या.

फोन लागला. कुणीतरी हाका मारल्या, मग दार, मग काठीचा आवाज. मी स्पीकर लावला. काकींनी तोंड उघडलं, पण ‘दादा’च्या पुढे शब्द फुटेना. तिकडून म्हातारा आवाज दोनदा म्हणाला, “कोण? कोण ता?” शेवटी सुयोगने मोबाइल स्वतःकडे घेतला.

“मामा, मी सुयोग. वनमालाचा. मला डोळ्यांसमोर मधोमध काहीतरी दिसतं.”

मग म्हातारा अगदी सावकाश म्हणाला, “राखाडी?”

“हो.”

“नजर फिरवलंस की तो तुझ्या वांगडा, सोबतीन फिरता?”

“हो. हो, मामा.”

“तांबडो रंग पयलो गेलो मां रे?”

“हो!” सुयोग बाकड्यावरून अर्धा उठलाच. त्याने मान वळवली आणि माझ्या कानाच्या दिशेने बघितलं. कित्येक आठवड्यांत प्रथमच त्याचा चेहरा फुलला होता. “यव्होन, ऐकलंस? त्याला दिसतो!”