तिथे जावई असतो का?

जावयाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. स्वतः चष्म्याचा दुकानदार; शर्टाने काच पुसू नका, असं गिऱ्हाइकांना रोज बजावणारा. पण शास्त्रात अडचणीचा उतारा आला की त्याचा हात आपोआप शर्टाकडे जायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्याच्या घरी चर्चच्या मंडळीतले चारजण बायबलमधल्या वचनाच्या अभ्यासाला जमत. सुरुवातीपासून सुरुवात करायची, एकही अध्याय गाळायचा नाही, हा शिरस्ता त्याचाच. आणि त्या शिरस्त्यानेच त्याला आज बरोबर कोंडीत पकडलं होतं. पुनरुत्थान न मानणारे लोक प्रभूला पेचात टाकायला येतात, तो प्रसंग. एक बाई आणि सात भाऊ. थोरला मूलबाळ नसताना वारला, म्हणून दुसऱ्याने तिच्याशी लग्न केलं. तोही वारला, मग तिसऱ्याने. असे सातही जण. शेवटी ती बाईही गेली. आता मेलेले उठतील तेव्हा ती कुणाची बायको?

“सात!” निवृत्त बसड्रायव्हर म्हणाले. “चौथ्याला तरी शंका यायला हवी होती.”

हशा पिकला. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. जावईही हसला, पण उशिरा.

“प्रभूचं उत्तर सरळ आहे,” तो म्हणाला. “तिथलं जीवन इथल्यासारखं नाही. तिथे कुणी लग्न करत नाही, कुणी कुणाचं लग्न करून देत नाही. नवराबायकोचं नातं मरणापर्यंतचं. मागे राहिलेला माणूस त्यातून मोकळा होतो.”

शेवटचं वाक्य त्याने पुस्तकाकडे बघूनच म्हटलं. खिडकीजवळ बसलेल्या ऑर्गनबाईंनीही मान वर केली नाही. रविवारच्या उपासनेत त्या ऑर्गन वाजवत, म्हणून सगळे त्यांना त्याच नावाने ओळखत. जावयाने त्यांना मागणी घातली होती, आणि त्यांनी एकच अट ठेवली होती: आधी घरी सांगा. त्यांच्या तोंडून हो आल्याशिवाय माझं हो नाही.

घरी म्हणजे सासूबाईंना. त्यांची मुलगी, म्हणजे जावयाची बायको, वारली तेव्हा त्या महिनाभरासाठी म्हणून आल्या होत्या. जावयाने जा म्हटलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही, आणि वर्षं निघून गेली. अभ्यासाला त्या दाराजवळ बसत आणि तोंड उघडत ते फक्त आमेन म्हणायला.

“मी एक विचारू?” सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“विचारा ना, आई.”

“तिथे नवरा नसतो, बायको नसते. बरं. आई असते का?”

“वचन इथे लग्नाबद्दल बोलतंय,” जावई जपून म्हणाला. “रक्ताच्या नात्याबद्दल काही नाकारलेलं नाही.”

“आणि जावई? जावई असतो का?”

ड्रायव्हर पुन्हा हसणार होते; बायकोने त्यांचा हात दाबला. जावयाने चष्मा काढला. जावई हे तर लग्नाचंच नातं. धागा तिथेच तुटला तर पुढचं सगळं उसवणार, हे त्याला दिसत होतं. पण वचनाला मुरड घालायची नाही, असं हाच माणूस इतकी वर्षं शिकवत आला होता.

“त्या अर्थाने पाहिलं तर... नाही, आई.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या, आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी त्यांनी डोळे मिटले.

सकाळी त्यांनी कपाटावरची बॅग खाली काढली. तो दुकानाला निघाला होता. चप्पल एका पायात, एक हातात, तसाच थांबला.

“धाकट्या बहिणीकडे जाईन म्हणते. किती दिवस झाले, बोलावतेय ती.”

“आई, मी काल तसं म्हणालो नव्हतो.”

“वचन तसं म्हणतं ना?”

“हो, पण...”

“मग झालं. तुम्ही थोडेच पदरचं सांगितलंत?” त्यांनी बॅगेवरची धूळ फडक्याने पुसली. “ऑर्गनबाई चांगल्या आहेत. मला आंधळी समजू नका. चष्मा तुम्हीच दिलाय.”

तो दुकानात गेला, पण दिवसभर त्याचं लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्याचीच फ्रेम दिली. दुपारी त्याने दुकानातच ठेवलेले वचनावरच्या भाष्याचे जाड ग्रंथ काढले. त्या उताऱ्यावर पानंच्या पानं लिहिलेली होती: विवाहावर, देवदूतांवर, पुनरुत्थित शरीरावर. सासूबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

त्याच वेळी सासूबाई ऑर्गनबाईंच्या जिन्यावर दम खात उभ्या होत्या. जाण्याआधी आपल्या तोंडाने हो सांगून टाकावं, म्हणजे नंतर कुणाच्या मनात किंतु नको, एवढ्याच हिशेबाने त्या आल्या होत्या.

एकच खोली, भिंतीला टेकवलेला शिकवणीचा छोटा कीबोर्ड, त्यावर वाळत घातलेला टॉवेल. ऑर्गनबाईंनी तो घाईने उचलला.

“बसा, मावशी. मीच येणार होते तुमच्याकडे. काल मला बोलायला हवं होतं. धीर झाला नाही.”

“तुम्ही काय बोलणार होतात?”

“त्या गोष्टीत मला एक नेहमी खटकतं. ती कुणाची, ती कुणाची, एवढंच ते लोक विचारतात. त्या बाईला कुणी विचारतं का, की बाई गं, सात वेळा विधवा झालीस, तुझं काय?”

सासूबाईंनी असा विचार कधी केला नव्हता.

“प्रभूने तरी कुठे विचारलं?”

“नाही विचारलं. पण ती ह्याची किंवा त्याची, असंही म्हणाला नाही. देवाची लेकरं, असं म्हणाला. म्हणजे आधी ती लेक. मला एवढंच कळतं. मी काही शिकलेली नाही त्यातलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होतं. सासूबाई हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या.

“मावशी, तुम्ही जाणार असाल तर मला हे लग्न नको. तुम्हाला बाहेर काढून मी त्या घरात कशी पाय ठेवू?”

“मला कुणी काढत नाहीये.” मग सासूबाईंनी अचानक विचारलं, “लग्नात तुमच्याकडून कोण उभं राहणार?”

“माझं कोण आहे? आईवडील कधीच गेले. चर्चचे पाळक म्हणाले, आमच्यापैकी कुणीतरी राहू उभं.”

“कुणीतरी!” सासूबाईंना त्या शब्दाचा रागच आला. “लग्न म्हणजे काय बसची रांग आहे, कुणीतरी उभं राहायला?” त्यांनी रुमाल पिशवीत टाकला. “तिथे म्हणे कुणी कुणाचं लग्न करून देत नाही. मग जे काय करून द्यायचं ते इथेच द्यायला हवं. माझ्या लेकीच्या लग्नात मी तापाने फणफणले होते, काही म्हणता काही हौस झाली नाही.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुला चालेल का?”

आजवर त्या ऑर्गनबाईंना अहोजाहो करत आल्या होत्या. हातातला टॉवेल तोंडाला लावून ऑर्गनबाई तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून जावई घरी आला. दार बाहेरून बंद. आत बॅग कॉटवर, उघडी. त्यात घड्या घातलेल्या दोन साड्या. तो तिच्याशेजारी बसून राहिला. शेवटी बेल वाजली. सासूबाईंकडे किल्ली होती, आणि आजवर त्यांनी कधी बेल वाजवली नव्हती.

“आई! कुठे होतात? मी धाकट्या मावशींना फोन करणार होतो...”

“आत येऊ का?” त्यांनी विचारलं.

तो बाजूला झाला. त्या आत आल्या, पण स्वयंपाकघराकडे वळल्या नाहीत, दाराजवळच्या आपल्या खुर्चीकडेही गेल्या नाहीत. पाळक घरी आले की बसतात त्या सोफ्यावर, मधोमध, पाठ ताठ करून बसल्या.

“मुलीकडच्यांना तुमच्याशी बोलायचंय,” त्या म्हणाल्या.

“मुलीकडचे? तिला तर कुणीच...”

बोलता बोलता तो थांबला. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. डोळे रडून सुजलेले, पण तोंडावरचं हसू त्यांना आवरत नव्हतं.

“आधी चहा विचारायची पद्धत असते, जावईबापू.”

तो लगबगीने स्वयंपाकघरात गेला. भांडी खणखणली, एक झाकण जमिनीवर गरगरत गेलं. डबे उघडल्याचे, मिटल्याचे, पुन्हा उघडल्याचे आवाज येत राहिले.

“आई, साखर कुठे असते?”

सासूबाई ऐकूनही बसून राहिल्या. पाहुण्यांनी परक्याच्या घरातलं काय सांगायचं?