बिनतुळईचा पलंग

आमच्या आळीतल्या सुताराला सगळे टुणुक मिस्त्री म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असणार, पण ती त्याला ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे तेही कधी बाहेर आलं नाही. हे नाव पडलं त्याच्या पलंगांमुळे. त्याने केलेल्या पलंगावर मांजराने माळ्यावरून उडी टाकली की ते परत माळ्यावर पोचायचं. एका घरी कुणाच्या हातून लिंबू सुटलं, ते पलंगावर आपटून थेट समोरच्यांच्या खिडकीतून आत गेलं, असंही मी ऐकलंय. ऐकलंय म्हणजे मीच सांगत असतो, पण पुष्कळ वर्षं सांगितलं की आपल्याही कानावर येतंच.

त्याच्या आधी लोक एकतर सरळसोट फळ्यांवर गादी टाकून पाठ शेकत बसायचे, नाहीतर लोखंडी जाळीच्या पलंगावर झोपायचे. ती जाळी वर्षभरात अशी पोट सोडायची की सकाळी आतल्या माणसाला दोर टाकून वर काढावं लागे. टुणुक मिस्त्रीने डोकं लावलं. लाकडाचे कागदासारखे पापुद्रे काढायचे, सरस लावून एकावर एक बसवायचे, कमानीच्या साच्यात घालून शिकंज्यात आवळायचे. सरस वाळून सुटलेली पट्टी मध्ये किंचित फुगलेली असे. अशा पट्ट्या पलंगाच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत ओळीने टाकायच्या आणि त्यांची टोकं रबराच्या वाट्यांत बसवायची. वर गादी. माणूस आडवा झाला की पट्टी दबते, उठला की परत कमान होते. वाटीत पट्टी करकरू नये म्हणून तो चिमूटभर शंखजिऱ्याची पांढरी पूड टाकायचा.

त्याचा खरा अभिमान वेगळाच होता. इतर सुतार रुंद पलंगाला मधोमध तुळई घालायचे, म्हणजे भार वाटला जाईल. टुणुक मिस्त्रीला तुळईचं नाव काढलेलं खपत नसे. तुळई घातली की उसळी मेली, असं त्याचं म्हणणं. त्याची पट्टी अखंड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुणी शंका काढली तर तो हातातला रंधा खाली ठेवून म्हणे, “नवराबायकोच्या मध्ये कसला दुभाजक घालता? तो काय रस्ता आहे?” गिऱ्हाईक हसायचं, त्याची बायको लाजायची, आणि पलंग ठरायचा. वर हेही असायचंच, की आमच्या घरी हाच पलंग आहे, आमची ही त्यावर अशी झोपते की ढोल वाजवले तरी कूस बदलणार नाही.

हे तो माझ्यासमोर इतक्यांदा म्हणालाय की त्याच्या बायकोची झोप आळीत सगळ्यांना तोंडपाठ होती. मी दुपारी त्याच्या दुकानात स्टुलावर बसलेला असायचो. काम काही नाही. भुशाचा वास मला मानवतो.

एक दिवस मेट्रनबाई आल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांनी वृद्धांसाठी एक घर काढलं होतं आणि तिथे म्हाताऱ्या जोडप्यांसाठी वेगळ्या खोल्या केल्या होत्या. त्यांना पलंग हवे होते. पण बाई पक्क्या. नवा पलंग सगळेच छान दाखवतात, म्हणाल्या, मला जुना दाखवा, पुष्कळ वर्षं वापरलेला.

टुणुक मिस्त्रीची छाती अशी फुगली की शर्टाचं एक बटण उडून सरसाच्या डब्यात पडलं. म्हणाला, लांब कशाला, घरी चला. घर दुकानाच्या मागेच. मीही उठलो. अशा वेळी बोलावण्याची वाट बघायची नसते.

बायको भाजी निवडत होती. आम्हाला बघून तिने ताट बाजूला सारलं आणि मिस्त्री गादी उचलायला लागल्यावर म्हणाली, “अहो, गादी कशाला काढता? वरून दिसतंय की.” पण तो ऐकतोय कुठला. त्याने गादी भिंतीला उभी केली आणि पट्ट्यांवरून हात फिरवला.

त्याच्या बाजूला पट्ट्या दमल्या होत्या. कमान उतरून त्या चापट झाल्या होत्या आणि वाट्यांचं रबर घासून घासून काळं कुळकुळीत झालं होतं. तो जरासा वरमला, म्हणाला, मी पडलो अंगाने भारी. मग वळसा घालून बायकोच्या बाजूला गेला आणि त्याचा आवाज चढला. “आता हे बघा. तोच पलंग, त्याच पट्ट्या. केसाइतकी कमान उतरलेली नाही. पॉलिशसुद्धा तसंच. याला म्हणतात टिकाऊ काम.”

खरंच, ती बाजू काल केल्यासारखी होती. मेट्रनबाई वाकल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या झटकलेल्या बाई त्या. त्यांनी एका वाटीच्या आत बोट फिरवलं आणि बाहेर काढलं. बोटाचं टोक पांढरं झालं होतं.

त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग मिस्त्रीच्या बायकोकडे. बायको खाली बघत होती. कपाटामागे एक चटई गुंडाळून उभी केलेली होती, तिच्या कडा वापरून वापरून झिजलेल्या. बाईंनी पदराला बोट पुसलं आणि अगदी हळू म्हणाल्या, “मिस्त्री, पलंग करा. फक्त आमच्याकडे दोघंही पलंगावर झोपतील असे करा.”

आणि निघून गेल्या.

टुणुक मिस्त्रीच्या डोळ्यांपुढून ते पांढरं बोट हलेना. ती पूड त्यानेच टाकली होती. कुणी वर्षभर जरी नीट त्या बाजूला झोपलं असतं, तरी टोकं घासून ती केव्हाच निघून गेली असती. त्याने चटईकडे बघितलं. मला तेव्हा बाहेर पडायला हवं होतं, पण पाय उचलेनात.

“तू कुठे झोपतेस?” त्याने विचारलं.

“झोपते की.”

“कुठे?”

तिने भाजीचं ताट परत पुढ्यात घेतलं. मग हळूहळू सगळं निघालं. अखंड पट्टी. तो एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळला की पट्टी दबायची आणि तिच्या बाजूने उसळायची. पहिल्याच रात्री ती भिंतीकडे फेकली गेली, परत गादीवर आली, तर तो पुन्हा वळला. तिने थोडे दिवस काढले, मग चटई काढली. तो अंथरुणाला पाठ टेकताच घोरायला लागायचा आणि सकाळी डोळे उघडायच्या आत ती उठून चटई गुंडाळून चुलीपाशी गेलेली असायची. त्याला कसं कळणार?

“मला सांगायचंस ना गं.”

“तुम्ही विचारलं होतंत,” ती म्हणाली. “पहिल्या सकाळी. कसा वाटला पलंग म्हणून. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, मस्त ना? आणि दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलंत. मग मी काय सांगणार होते, मिस्त्रीची बायको जमिनीवर झोपते?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर टुणुक मिस्त्री कोमेजला. मागच्या बोळाने दुकानात यायचा, मागच्या बोळाने जायचा. कुणी ‘काय टुणुक’ म्हणून हाक मारली की खिळे शोधायला खाली वाकायचा. गिऱ्हाईक आलं की गप्प. माझ्याशीही बोलेना, म्हणजे बघा.

त्यातून त्याला आणखी एक खूळ लागलं. पूर्वी दिलेल्या पलंगांच्या घरी जायला लागला, रबर तपासायला आलोय म्हणून. मी पिशवी धरायला बरोबर. घरोघरी नवरा दारातच पलंगाचं कौतुक करायचा, चहा ठेवायला सांगायचा, आणि टुणुक मिस्त्री मान खाली घालून आत जायचा, गादीचा कोपरा उचलायचा, वाटीत बोट घालायचा. कुठे कुठे दोन्ही बाजू काळ्या निघायच्या, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडायचा. बहुतेक ठिकाणी बोट पांढरं यायचं. एका घरी नवऱ्याच्याच बाजूला पूड होती, तो गृहस्थ डोळ्यांनी गयावया करायला लागला, मिस्त्रीने न बोलता कोपरा खाली ठेवला. मी सांगतो, अर्धी आळी त्याच्या पलंगांशेजारी जमिनीवर झोपत होती. त्या पलंगांवरून खाली उतरलेली माणसं एका रांगेत झोपवली असती तर रांग नदीपर्यंत गेली असती. पण एकानेही त्याला सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, सगळे एवढे खूश आहेत, खोट आपल्यातच असेल.

शेवटच्या घरून परतताना तो रस्त्याच्या कडेला थांबला. कान लालबुंद. म्हणाला, “त्यांना सगळ्यांना मी तिच्या झोपेची हमी दिली होती.”

दुसऱ्या दिवशी त्याने तुळई कापायला घेतली.

पट्टी मधोमध तोडली, अर्धी इकडची, अर्धी तिकडची, मधल्या तुळईवर प्रत्येकीला स्वतःची वाटी. या बाजूने कितीही आपटा, त्या बाजूला खबर नाही. पण अर्धी पट्टी आखूड, म्हणून ताठ. पापुद्रे कमी करायला हवेत, पण किती? ते झोपणाऱ्याच्या अंगावर. इथे तो अडला. रंधा हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग घरी गेला. बायको कुशीवर झोपते की पाठीवर, हे त्याला विचारावं लागलं.

ती म्हणे जरा विचार करून म्हणाली, आठवावं लागेल, चटईवर सगळं सारखंच असतं. हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी ती कुशीवर झोपते असं ठरलं. खांद्याखाली पट्ट्या मऊ, कमरेखाली ताठ. सांगाडा दुकानातच जोडला, गादी टाकली, आणि दुपारी ती बघायला आली. मला दाराबाहेर स्टूल दिलं आणि पाठ करून बसायला सांगितलं. मी पाठ केली. कानांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

ती आडवी झाल्याचं कळलं.

“तुम्ही?” तिने विचारलं.

तो म्हणाला, तू झोपून बघ, मी इथे खाली बरा आहे.

“वर या. तुम्ही वळल्याशिवाय मला काय कळणार?”

तो वर चढला असावा. पण फळीसारखा ताठ पडला असणार, कारण आवाज शून्य. एका कुशीसरशी शेजारच्या हत्तीलाही उडवेल असा तो माणूस श्वाससुद्धा मोजून घेत होता.

“वळा,” ती म्हणाली.

गादी खसखसली.

“परत वळा. घरी वळता तसे.”

पुन्हा खसखस, या वेळी दणदणीत. आणि मग मी वाट बघत बसलो, आता म्हणेल, मस्त ना? त्याच्या जिभेवर ते आलंच असणार, इतक्या वर्षांची सवय. पण तो बोलला नाही. समोरच्या दुकानाची सावली माझ्या पायांपर्यंत आली तरी बोलला नाही.

शेवटी तीच बोलली. “करकरतंय. माझ्या बाजूला, खांद्याखाली.”

मला वाटलं, झालं, माणूस आता खचला. मी वळून बघितलंच, काय करता. तो लगबगीने खाली उतरत होता. चेहरा शरमेने अजून तांबडा, पण फळीवरचा पुडीचा डबा त्याने असा उचलला जसा कुणी बक्षीस दिलंय. ती न उठता हाताने दाखवत होती, इथे, नाही, अजून खाली, आणि तो गुडघ्यांवर बसून गादीखाली हात घालून एकेका वाटीत चिमूट टाकत होता.

“आता बघ,” तो म्हणाला, आणि परत वर चढून वळला.

तिने उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा वळून पाहिलं, मग मान उचलून तिच्याकडे बघितलं आणि मला बोटाने खूण केली, आवाज करू नकोस. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. तो तसाच पडून राहिला, डोळे उघडे, पुढच्या गिऱ्हाइकाने दार वाजवेपर्यंत. ढोल वाजवले असते तरी ती उठली नसती, असं मी म्हणणार नाही. दार वाजलं तेव्हा ती जागी झाली आणि म्हणाली, कमरेखालची अजून थोडी मऊ करा.