ओटीतले मासे

आमच्या गावतळ्याचं पुनरुज्जीवन झालं. निधी निम्मा सरकारचा, निम्मा एका कंपनीचा, आणि लोकसहभाग म्हणून आम्ही बायकांनी महिनाभर गाळ उपसला. जलपूजनाला साहेबलोक आले. आधी तळ्याची ओटी भरली. खण-नारळ पाण्यात सोडून सगळ्यांनी हात जोडले. मग तळ्यात सोडायचे मासे आले. रबरबँडनं तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बोटाएवढी पिल्लं.

निवेदक माईकवर ओरडला, "आता मत्स्यबीज अर्पण करावं!"

कंपनीच्या साहेबांनी पिशवी कपाळाला लावली आणि ओटीसारखीच, बांधलेली तशीच, पाण्यात सोडली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही सोडल्या. टाळ्या पडल्या. पिशव्या तरंगत होत्या, आत पिल्लं तडफडत होती. त्या टाळ्यांची मला शिसारी आली. साडी खोचून मी पाण्यात उतरले आणि पिशव्या फाडू लागले.

शेजारची भामाबाईही मागोमाग उतरली. "शुभांगी, घोडेगावच्या बाजारात जनावर इकताना बी त्याला आदी पानी दावत्यात गं. ह्यांनी तर पान्यात टाकून मारली!"

काठावरून सरपंच खेकसले, "ताई, बाजूला व्हा. फोटोत येताय."

मंडळी जेवायला मांडवात गेली. एक पिशवी लांब वाहत गेली होती. हाती लागली तेव्हा आतली सगळी पिल्लं मेली होती. ओल्या साडीनं तशीच मांडवात गेले आणि ती पिशवी साहेबांच्या ताटाशेजारी ठेवली.

त्यांनी ताट मागं ओढलं.

"सॉरी ताई," ते हसून म्हणाले, "आज माझा गुरुवार. मासे चालत नाहीत."