फर्मिन कुणाचा

सेंट मेरीच्या उपसागराकाठी नवख्या माणसाला आडनाव कुणी विचारत नाही. आडनावं सगळी मिळून दहा-बारा, विचारून कळणार काय? विचारतात ते "कुणाचा?" मग माणसानं बाप, आजा, पणजा असं दम पुरेल तितकं मागं जायचं.

मेदार बेलिवोचा दम फर्मिनपाशी संपायचा. मेदार, फिलियासचा, सिल्वेंचा, उर्बेंचा, फर्मिनचा, आणि पुढं गाडी अडली. फर्मिनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई म्हणून रोझाली बेलिवोचं नाव होतं आणि बापाची जागा कोरी होती. शेजारचा एवारिस्त तिबोदो ती कोरी जागा शाळेत असल्यापासून भरत आला होता. "आणि फर्मिन भरतीच्या पाण्याचा," म्हणायचा. पंच्याऐंशी वर्षं एकच विनोद, आणि तरी दर खेपेला स्वतःच आधी हसायचा.

मेदार आता त्र्याण्णव वर्षांचा होता. शनिवारी पंचक्रोशीतल्या सगळ्या कुळांचा मेळावा होता, घराघरातले वडीलधारे उभे राहून आपली ओळ म्हणणार होते, आणि म्हातारा हटून बसला होता.

"मी येत नाही. माझ्या वाटचं बटाट्याचं राप्यूर ताटात घालून घरी आण."

"बाबा, तुम्ही गेल्या मेळाव्यालाही आला नाहीत."

"पुढच्यालाही येणार नाही. तोवर मातीत असेन. तिथं तरी कुणी विचारत नाही कुणाचा म्हणून."

त्याची मुलगी ल्युदिविन हिनं तीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि तीस वर्षं फर्मिनचा बाप शोधला होता. दोन्हींत तिला कुणाची कटकट खपत नसे. पण म्हाताऱ्यानं फर्मिनच्या बापाच्या नावावाचून जावं, हे तिला सोसवेना.

गुरुवारी सकाळी मेळाव्याच्या फलकासाठी उर्बेंच्या लग्नाची तारीख हवी म्हणून तिनं चर्चच्या वहीची जुनी छायाप्रत काढली. उर्बें हा फर्मिनचा मुलगा. त्याची पहिली बायको मार्गरित तिबोदो, वर्षाच्या आत वारली, मूल नाही. ल्युदिविननं हे लग्न ऐन उमेदीत एका ओळीत उतरवून सोडून दिलं होतं. फांदीच पुढं जात नाही, तिथं कोण वेळ घालवतो? आता चष्मा नाकावर चढवून तिनं पान पुरं वाचलं, आणि तारखेखाली पाद्र्यानं लिहिलेलं वाक्य दिसलं. नवरानवरीचं नातं दुसऱ्या पायरीचं असल्यानं बिशपची खास परवानगी घेतली आहे.

ती खुर्चीतच थिजली. मग हसू लागली.

हे वाक्य तिनं त्या वेळीही पाहिलंच असणार. पण या किनाऱ्यावर बिशपच्या परवानगीवाचून लग्न लागायचंच कुठं? सगळेच एकमेकांचे. त्या ओळीवरून डोळे आपसूक घसरतात. तिचेही घसरले होते. ज्याला कागदोपत्री एकही भावंड नाही अशा माणसाच्या मुलाला इतक्या जवळच्या नात्यासाठी परवानगी का लागावी, एवढं तीस वर्षांत तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मूर्ख बाई," ती स्वतःला म्हणाली, आणि तशीच स्लिपरवर वडिलांच्या खोलीत धावली.

"बाबा, दुसरी पायरी म्हणजे काय?"

"जिन्याची?"

"नात्याची. दोघांच्या आईबापांतले कुणीतरी दोघं भावंडं. बरोबर? उर्बेंची आई केप ब्रेटनची, तिचं इथं कुणी नव्हतं. मार्गरितची आई आयरिश, फुटलेल्या जहाजातून वाचलेली. तिचंही कुणी नव्हतं. मग राहिलं कोण?"

म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं. "दोघांचे बाप."

"फर्मिन आणि आन्सेल्म तिबोदो. भाऊ, बाबा. आया वेगळ्या, बाप एक. आन्सेल्मचा बाप, शार्ल तिबोदो. आणि फर्मिन जन्मला शार्लच्या लग्नाआधी तीन वर्षं."

"म्हणजे थोरला," मेदार म्हणाला. मग, "आन्सेल्म म्हणजे एवारिस्तचा पणजा ना?"

"तोच."

"माझा निळा सदरा कुठाय?"

शनिवारी मेदार सभागृहात पहिल्या रांगेत बसला होता. माइक एवारिस्तच्या हातात होता. आपला नेम चुकवायचा नाही म्हणून त्यानं मोठ्यानं विचारलं, "मेदार, कुणाचा?"

मेदार काठीवर उभा राहिला. "फिलियासचा, सिल्वेंचा, उर्बेंचा, फर्मिनचा." एवारिस्तनं तोंड उघडलंच होतं. "आणि फर्मिन शार्ल तिबोदोचा. थोरला. तुझा पणजा धाकटा. बस खाली."

सभागृहात हशा पिकला. ल्युदिविननं कागद वर धरला आणि सगळी पायरी समजावून सांगितली. एवारिस्तनं कागद दोनदा वाचला, मग बोटं मोजू लागला. एका हाताची संपली, दुसऱ्याची सुरू झाली. त्याचा चेहरा हळूहळू फुलला.

"थांबा," तो माइकमध्ये म्हणाला. "शार्लपासून मी चौथा. हा पाचवा. म्हणजे मी याचा काका झालो."

आता मात्र बायका रुमालात तोंड खुपसून हसल्या. ल्युदिविनला वाटलं, गेलं, म्हातारा आता तरातरा घरी जाणार.

मेदार उभाच होता. त्याचा बाप एकुलता एक, बापाचा बापही एकुलता एक. जन्मात त्यानं हा शब्द कुणाला उद्देशून वापरला नव्हता.

"काका," तो म्हणाला, आणि ऐकायला कसं वाटतं ते पाहावं तसा पुन्हा म्हणाला, "काका."

एवारिस्तनं माइक खाली ठेवला. तो राप्यूरच्या परातीकडे गेला, कडेचा खरपूस तुकडा कापला, ताटात घातला आणि स्वतः घेऊन आला.

"खा, पोरा," तो म्हणाला. "गार होईल."