सूज ही माझी हाक होती

मी एक पेशी बोलतेय. दिवाळे गावच्या पुतळा कोळणीच्या उजव्या मनगटात, कातडीच्या जरा खाली मी राहते. डॉक्टर लोक मला भक्षक पेशी म्हणतात. बाहेरून जे काही अंगात शिरेल ते गिळायचं आणि गिळून संपत नसेल तर इतरांना हाक मारायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म पुतळाच्या छातीच्या हाडात झाला. तिथून मी रक्तात उतरले, दोनेक दिवस वाहत राहिले आणि मनगटापाशी बाहेर पडून तिथेच स्थिरावले. माझ्या शेजारी एक म्हातारी पेशी होती. तिच्या पोटात हिरवी शाई होती. पुतळा नऊ वर्षांची असताना तिच्या मनगटावर तुळस गोंदली होती. ती शाई आमच्यातल्याच कोणीतरी गिळली, ती मेल्यावर दुसरीने, मग तिसरीने. म्हातारी गेली तेव्हा तिची शाई मी गिळली. गोंदण कातडीवर असतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते आमच्या पोटात असतं.

आवाजाची थरथर कातडीला कळते, तशी ती मलाही कळते. म्हणून पुतळाचं घर मला माहीत आहे. नवरा गोटीराम, मुलगा केतन आणि सून निशिगंधा. निशिगंधा बेलापूरच्या एका मेडिकलमध्ये कामाला. पुतळा सकाळी मासळी विकायची आणि लग्न असलं की धवलारीण म्हणून जायची. आमच्या कोळ्यांत हळदीला, लग्नाला धवले गाऊन विधी लावणारी बाई लागते. पंचक्रोशीत पुतळाशिवाय हळद लागायची नाही. ती गायला लागली की सगळा हात थरथरायचा, आणि त्या थरथरीत मला फार बरं वाटायचं.

पाच वर्षांपूर्वी तिच्या रक्तात साखर वाढली. साखर वाढली की आम्हीही सुस्तावतो. ते मी कबूल करते.

त्या गुरुवारी सकाळी ती मासे निवडत होती. शिंगाळा माशाचा काटा तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल गेला. तिने तो उपसला, हात टपातल्या खाडीच्या पाण्यात बुडवला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं. काटा लागणं तिला नवं नव्हतं. पण त्या पाण्यात जंतू होते.

जंतूंच्या अंगावर एक आवरण असतं. ते आमच्या हाताला लागलं की आम्ही ओळखतो, परके आले. तेवढ्यावर आम्ही तयारीला लागतो, हाकेचा निरोप आत बनवून ठेवतो. मग त्यांनी विष सोडलं. ते विष पेशीच्या अंगाला भोक पाडतं. आतलं पोटॅशियम भोकातून वाहून जातं, आणि ते कमी झालं की आमच्या पोटात काही प्रथिनं एकत्र येऊन त्यांचं एक कडं बनतं. आधी बनवून ठेवलेला निरोप हे कडं कापून मोकळा करतं. तो निरोप बाहेर पडतो, मग जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्यातून पाणी झिरपतं, नव्या पेशी धावून येतात. वर मेंदूला कळतं, तो अंग तापवतो.

तुम्ही याला सूज म्हणता. आमच्यात ती हाक असते. अंगठ्याजवळच्या कितीतरी पेशी ती हाक देता देता फुटून मेल्या. मी मनगटात होते, जरा लांब. मीही हाक दिली.

संध्याकाळी निशिगंधाने सासूचा हात धरून पाहिला.

"आई, किती सुजलाय हा. गरम लागतोय. चला, डॉक्टरकडे जाऊ."

"काय नाय गो. काटा हाय, उतरंल."

"तुम्हाला शुगर आहे."

"उद्या रंजिताची हलद हाय. डाक्टर आडमिट करंल, मंग धवला कोन गानार? तुज्या दुकानान सूज उतरायची गोली असंल, ती आन."

रंजिता ही पुतळाच्या बहिणीची मुलगी. आई नसलेली पोर, पुतळानेच वाढवलेली. गोटीराम तिथेच बसला होता. त्याने कुणालाच अडवलं नाही. मग निशिगंधा उठून दुकानात गेली आणि स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन आली. दुकानात रोज कोणी ना कोणी त्या मागून न्यायचं.

गोळी रक्तातून माझ्यापर्यंत आली. तिने कुणाला मारलं नाही. फक्त आमचा आवाज बंद केला. निरोप बनवायचा हुकूमच निघेना. शेजारच्या पेशींना विषाची भोकं पडत होती आणि माझ्या तोंडून काही फुटत नव्हतं. वरून येणाऱ्या पेशी वाटेतच थांबल्या. सूज उतरू लागली. जंतू मात्र वाढत राहिले, अंगठ्यापासून मनगटाकडे, मनगटापासून कोपराकडे.

शुक्रवारी सकाळी पुतळाने मूठ उघडून मिटून दाखवली. "बग. उतरली ना?" निशिगंधा हसली. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो.

हळदीत पुतळाने तीन धवले गायले. चौथ्यात ती शब्द चुकली. बायकांना वाटलं, पोरीसाठी गळा भरून आला. ती पुन्हा सुरुवातीपासून गाऊ लागली आणि पुन्हा तिथेच अडकली. तोवर गोळीचा जोर ओसरला होता, आणि विष इतकं झालं होतं की सगळ्या हातातल्या पेशी एकदम ओरडल्या. मी त्यांच्यात होते. निरोप हातापुरता राहिला नाही, रक्तात उतरला, सगळ्या अंगात पोचला. मग प्रत्येक रक्तवाहिनी रुंदावली, प्रत्येक वाहिनीतून पाणी झिरपू लागलं. रक्त वाहायला जागा फार झाली, दाब उरला नाही. पुतळा हळदीच्या पाटाशेजारी खाली बसली आणि आडवी झाली.

तिला वाचवायला मी ओरडले होते. त्या ओरडण्यानेच ती पडली.

वाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टर अमरीन यांनी हात पाहिला. कातडीवर काळसर फोड आले होते.

"सूज कधीपासून आहे?"

"काल संध्याकाळपासून," निशिगंधा म्हणाली. "पण सकाळी उतरली होती."

"आपोआप?"

निशिगंधाने गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"गोळीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. साखर आहे, हा जंतूही वाईट आहे. पण एक दिवस गेला आपला."

शनिवारी सकाळी हात कोपराच्या वरून कापला. रक्ताची शेवटची लाट आली, मग आलीच नाही. मी पुतळाला पुन्हा भेटले नाही.

गोटीराम नर्सला म्हणाला, "हात मना द्या. कचऱ्यान नको टाकू." एक कागद झाला, सही झाली. हात कापडात गुंडाळून त्याच्या मांडीवर दिला. केतन आईजवळ थांबला. रिक्षात सासरा आणि सून.

नेरूळ ओलांडल्यावर निशिगंधा म्हणाली, "बाबा, ती गोळी मी आणली होती."

"माहीत हाय."

"मला कळायला हवं होतं. मी दुकानात काम करते."

त्याने मांडीवरचं कापड सावरलं. "तिनंच मांगली, तू दिली. मीबी घरानच होतो ना. मी कुटं काय बोललो?"

तिला रडूही आलं नाही. कापडावर तिने बोटं ठेवली, मनगटापाशी, अगदी माझ्यावर. बोटं गार होती.

दिवाळ्याच्या स्मशानाच्या कडेला गोटीरामने स्वतः कुदळ घेतली. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा फोन वाजला. निशिगंधाने ऐकलं आणि फोन खाली घेतला.

"केतन होता. आई गेल्या."

गोटीराम कुदळीवर टेकून उभा राहिला. मग त्याने पायानेच माती खड्ड्यात लोटायला सुरुवात केली.

"हात परत घे," तो म्हणाला. "तिच्यासंगं जाऊ दे. अर्धी नको जावाला ती."

आता आम्ही त्याच रिक्षात परत वाशीला निघालोय. माझ्या अंगालाही भोकं पडलीत. आत निरोप तयार आहे, कडं बनलंय, पण हाक द्यावी तर ऐकायला रक्तच नाही. थोड्या वेळाने मीही फुटेन.

तुमच्या अंगावर कुठे लाल झालं, तापलं, ठणकू लागलं, तर आधी कुणाला तरी दाखवा. आम्हाला गप्प करायची घाई करू नका. आम्ही चुकतो, जास्त ओरडतो, ते मी पाहिलंय. पण विनाकारण आम्ही तोंड उघडत नाही.

मी वेळेत बोलले होते. पुतळानेही ऐकलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिला गायचं होतं.