जावयाचे हातमोजे

आमचा आमदार ओबेड हा माझा जावई आहे, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. लोकांना माहीत असतंच. मागच्या निवडणुकीत त्याने माझा फोटो दारापेक्षा मोठा करून धावपट्टीजवळच्या पत्र्याच्या शेडवर चिकटवला होता. मी मासा साफ करतेय आणि खाली त्याचं नाव. मला विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसा? आमच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. तो आदर असतो. माझ्या नवऱ्याने माझ्या आईशी मरेपर्यंत एक शब्द काढला नाही, पण तिच्या दारातली लाकडं त्याने कधी संपू दिली नाहीत.

ओबेडने त्यातलं न बोलणं तेवढं उचललं. लाकडं माझी मीच फोडते.

नामेव सरोवराकाठच्या आमच्या गावाला रस्ता नाही. पाणी गोठलं की बर्फावरून ट्रक येतात, एरवी विमान. असली बरीच गावं मिळून त्याचा मतदारसंघ आहे आणि तो स्वतः राहतो राजधानीत, लिफ्टच्या इमारतीत. वर्षातून दोनदा येतो. येतो तेव्हा मण्यांचं जाकीट घालून येतो. ते जाकीट माझ्या मुलीने, रोझानने शिवलंय, नाहीतर मी त्याबद्दल आणखी बोलले असते.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. प्रश्न फिलोमीनचा होता.

फिलोमीन माझी थोरली बहीण. तिची मूत्रपिंडं गेली, तशी तिला दक्षिणेत शहरात नेऊन ठेवली, कारण रक्त धुणारं मशीन तिथेच. एका वसतिगृहात खोली, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. तळं नाही, जाळं नाही, आपल्या भाषेत भांडायला कुणी नाही. ओबेड पहिल्यांदा निवडून आला तेव्हा तिच्या खोलीत जाऊन म्हणाला, "मावशी, आपल्या गावच्या दवाखान्यात मशीन आणतो. पहिली खुर्ची तुमची." शेजारी फोटो काढणारा होता. फिलोमीनने विश्वास ठेवला. मीही ठेवला, खोटं कशाला बोलू?

तेव्हापासून ती फोनवर आधी तेच विचारायची.

"ओबेड काय म्हणतो गं?"

"लवकरच, म्हणतो."

"मग थांबते. पण हे बघ, होणार नसेल तर तसं सांग मला. इथं भिंत बघत मरायचं नाही मला. मी घरी येईन. मशीन नको न् काही नको."

मशीनशिवाय घरी येणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणूनच मला त्या माणसाकडून होय किंवा नाही, एवढंच हवं होतं. 'नाही'सुद्धा चाललं असतं. त्याच्या 'लवकरच'ने माझ्या बहिणीला त्या खोलीत डांबून ठेवलं होतं.

तो घरी जेवायला आला की मी चुलीकडे तोंड करून बोलायचे.

"रोझान, त्या माणसाला विचार, मशीनचं काय झालं."

"ऐकलंय त्याने, आई."

"रोझान, आईंना सांग, प्रस्ताव विचाराधीन आहे."

"त्याला विचार, कुणाच्या विचारात आहे? विचार करणारं कुणी आहे का तिकडे?"

"आईंना सांग, मांस फार छान शिजलंय."

मांस माझ्या भाच्याने मारलेल्या मूसचं, आमच्या रानातल्या घोड्याएवढ्या हरणाचं होतं. ह्याला मूस दाखवला तर हा त्याच्यापुढे भाषण करील.

गावातल्या बाकीच्यांनी विचारून पाहिलं होतं. त्यांना भाषण मिळायचं. पूर्वजांपासून सुरू व्हायचं, पाण्याच्या शुद्धतेवरून जायचं आणि पुढच्या अर्थसंकल्पापाशी येऊन झोपायचं. शेवटी वसंतात शाळेत झालेल्या सभेत गावप्रमुख सायलसने मलाच उभं केलं. "बहीण तुझी, तू विचार," म्हणाला. मी उठले, जमिनीकडे बघत विचारलं. तर ओबेडने छातीवर हात ठेवला, आणि राजधानीहून आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला लागला की आमच्या थोर संस्कृतीत जावई सासूबाईंना थेट उत्तर देऊ शकत नाही, तो त्यांच्याबद्दलचा गाढ आदर आहे. पाहुण्यांचे डोळे भरून आले. एका बाईने टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि मी, उत्तर न मिळालेली बाई, आदराचा नमुना म्हणून उभी राहिले.

मला इतका संताप आला होता की बाहेर येऊन मी शाळेच्या पायरीवर थुंकले. तेवढ्याने काय होणार?

पण घरी येता येता मला माझ्या आजेसासूची गोष्ट आठवली. नामेवच्या रीतीला दुसरंही टोक आहे. फार कुणाला ते लागत नाही म्हणून बोललं जात नाही. सासूला जावयाशी बोलणं भागच पडलं, तर तिने स्वतःच्या हाताने हातमोजे शिवायचे आणि चार माणसांत त्याला द्यायचे. त्याने ते घातले की पडदा उठला. मग ती जे पहिलं विचारील, त्याला होय किंवा नाही, एवढंच उत्तर द्यायचं. तेही मोजे हातात असताना. नको असेल त्याने मोजे घेऊ नयेत. शहाणा जावई ते दिसताच मागच्या दाराने पळतो.

ओबेडला हे माहीत असायला हवं होतं. त्याच्या आजोबांवर हीच वेळ आली होती आणि म्हातारा खरोखर पळाला होता. पण ओबेडला रीत तेवढीच येते जेवढी भाषणात मावते.

मी उन्हाळाभर शिवत होते. मूसचं कातडं धुरावर धरलं, मनगटाला बीव्हरच्या, त्या पाण्यात राहणाऱ्या जनावराच्या, फरची किनार लावली, वर तांबडी फुलं भरली. इतके सुंदर हातमोजे मी माझ्या नवऱ्यालाही शिवले नव्हते, याचं मला वाईट वाटलं. रोझान आली तेव्हा तिने ते पाहिले. बराच वेळ हातात धरून बसली.

"कुणाला गं?"

"तुझ्या नवऱ्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला तिच्या आजीने सगळं सांगितलेलं आहे. मला वाटलं, आता ही त्याला जाऊन सांगणार. ती म्हणाली, "अंगठा जरा सैल ठेव. त्याचा जाड आहे."

शरदात तळ्याच्या कडेला पहिला पातळ बर्फ धरला, तेव्हा तो आला. शाळेचा हॉल भरला होता. पाहुणे होते, कॅमेरा होता, जाकीट होतं. त्याचं भाषण पूर्वजांपर्यंत आलं तेव्हा मी उठले आणि हातमोजे पुढे धरले. म्हाताऱ्या माणसांची कुजबुज एकदम थांबली. सायलसने टोपी काढली.

ओबेडचं तोंड फुललं. त्याला वाटलं, सत्कार.

"सुंदर!" तो माईकवर म्हणाला. "आमच्या माताभगिनींची ही कला..."

"घाल की," रोझान खालून म्हणाली. "आईने स्वतः शिवलेत."

त्याने घातले. कॅमेऱ्याकडे दोन्ही पंजे वर करून दाखवले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हातारी हसली आणि त्याला काहीतरी चुकलंय हे कळलं. तो मोजे ओढायला लागला, पण मी मनगटाचा बंद घट्ट शिवला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्यांत पाहिलं. बारीक डोळे आहेत.

"ओबेड," मी म्हणाले, "फिलोमीनसाठी मशीन येणार आहे का? होय की नाही?"

"सासूबाई, विषय असा आहे की पाण्याचा दर्जा आणि..."

"होय की नाही?" सायलस म्हणाला.

"प्रशिक्षित नर्स मिळणं हासुद्धा..."

"होय की नाही?" आता सगळा हॉल. पाहुण्या बाईने काय चाललंय म्हणून शेजारच्याला विचारलं. कुणी तिला समजावून सांगितलं नाही.

ओबेडने रोझानकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती आणि तिच्या नजरेत त्याच्यासाठी काहीही नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. पुसायला हात नेला तर फर डोळ्यात गेली.

"नाही," तो म्हणाला.

माझा एकच प्रश्न होता. दुसऱ्याला उत्तर द्यायला तो बांधील नव्हता. पण ते मोजे घालून उभा असलेला माणूस एकदा खरं बोलला की त्याला थांबता येत नसावं. माझ्याकडे न बघता तो पुटपुटला, "पहिल्याच वर्षी नाकारलं त्यांनी. मला वाटलं, तुम्हाला आशा तरी राहील."

आशा! माझी बहीण त्या खिडकीतून गाड्या मोजत होती आणि हा तिच्या आशेवर आणखी दोन निवडणुका जिंकला.

मी फिलोमीनला फोन केला. तिने ते 'नाही' ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाळी अजून पाण्यात आहेत ना? काढू नका. मी येतेय."

दोन दिवसांनी ज्या विमानाने ती आली, तेच ओबेडला परत नेणार होतं. ती दोन माणसांच्या आधाराने उतरली. हात सुजलेले. तोंडावर वारा घेतला आणि हसली. तिचे हात उघडे होते. हॉलमध्ये टेबलावर तो टाकून गेलेले हातमोजे माझ्या खिशात होते. मी ते तिच्या हातांत चढवले. सुजलेल्या बोटांना बरोबर बसले.

ओबेड बॅग घेऊन आमच्यापाशी थांबला. आता पडदा उठलेला होता, तो माझ्याशी बोलू शकत होता.

"सासूबाई," तो म्हणाला, "मला खरंच फार वाईट वाटतं."

मीही बोलू शकत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, सगळं जिभेवर आलं होतं. मी त्याच्याकडे पाठ केली.

"रोझान," मी म्हणाले, "त्या माणसाला सांग, विमान सुटतंय."

"आणि माझी खुर्ची चुलीजवळ लाव," फिलोमीन म्हणाली. "भूक लागलीय."