दादाच्या भाजीचा नमुना

नमुना तयार करण्यात अन्न तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. इतरांच्या पालेभाजीच्या नमुन्यात हिरवेपणा उरायचा आणि मग यंत्राच्या पडद्यावरची रेघ तापल्या दुधासारखी वर यायची. हिची रेघ मात्र सरळ, नितळ. सहकारी तिला ‘परीटघडी’ म्हणून चिडवत, आणि ती वरवर नाक मुरडून आतून सुखावायची.

त्या आठवड्यात एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवून बरीच माणसं आडवी झाली, दोघं दगावली. तिथला आचारी म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ. आईवडील गेल्यावर त्यानेच दुसऱ्यांच्या कढया घासून तिला शिकवलं होतं. आता प्रश्न एवढाच होता की विष भाजीवर फवारलेलं, की स्वयंपाकघरातल्या घाणीचं? फवाऱ्याचं निघालं तर भाजी पुरवणारा अडकणार. नाही निघालं तर खापर दादाच्या डोक्यावर फुटणार, आणि मग तुरुंग ठरलेला.

कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये उरलेली मूठभर कच्ची भाजी तपासणीला आली.

“तू हिला हात लावायचा नाहीस,” साहेब म्हणाले. “भाऊ आहे तुझा. नवीन मुलगी करेल.”

“ती नुसती पानं द्रावणात खळबळवते आणि थेंब टाकून मोकळी होते, साहेब! दोन माणसं गेलीत. हवं तर माझ्या डोक्यावर उभे राहा, पण मला करू द्या.”

साहेब कसले उभे राहतात! त्यांनी मान डोलावली आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले.

नियमाने भाजीचा एक भाग सीलबंद करून बाजूला ठेवायचा असतो. तिने तोही घेतला. सगळी भाजी तीनदा तपासायची, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं की कोणी बोट ठेवायला नको, हा तिचा हिशेब. भाजी वाटली, द्रावणात उतरवली आणि हिरवा रंग ओढून घेणारी काळी भुकटी तिच्यात घातली. एरवी चिमूटभर घालायची, आज भावासाठी हात सैल सोडला. नळ्या गरगर फिरवून गाळ खाली बसवला. वरचं द्रावण असं निवळलं की नळी रिकामी वाटावी. त्याचा थेंब तिने चांदीच्या बारीक कणांचा थर दिलेल्या पट्टीवर सोडला. विष असेल तर ते चांदीला चिकटतं, आणि वर लेझर पडला की पडद्यावर त्याची टोकं उभी राहतात.

एकही टोक उभं राहिलं नाही. तिन्ही वेळा नाही. इतकी देखणी रेघ तिने आयुष्यात काढली नव्हती, आणि ती बघून तिला रडू कोसळलं. कीटकनाशक आढळले नाही, असा अहवाल त्याच दिवशी गेला.

पण जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी तिने बाजारातून भाजी आणली, स्वतःच्या हाताने तिच्यात विष कालवलं आणि त्याच पद्धतीने तपासलं. रेघ नितळ! मग भुकटी न घालता तपासलं. रेघ गढूळ, वाकडीतिकडी आली, पण तिच्यातून विषाची टोकं डोकं वर काढून उभी होती. हिरव्या रंगाचे रेणू चपटे असतात, म्हणून ती भुकटी त्यांना धरते, आणि काही विषांचे रेणूही तसेच चपटे असतात. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? नव्या पोरांना तीच शिकवायची. पण रंग गेला की खूश होणारी ही बाई, रंगाबरोबर आणखी काय गेलं ते कशाला बघतेय!

भाजी तर तीन तपासण्यांत संपली होती. तिच्यात विष असलंच, तर ते वापरलेल्या भुकटीत होतं. भुकटी कचऱ्याच्या पिंपात गेली होती, आणि पिंपातला कचरा जाळून झाला होता.

“तुझी पद्धत विष खाते, एवढंच यातून कळतं,” तिने सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले. “त्या भाजीत ते होतं, हे नाही. पण अहवाल मागे घेऊ.”

तेवढ्या आशेवर ती धावत भावाच्या घरी गेली. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दादा खुर्चीत बसला होता.

“दादा, माझा अहवाल चुकला. चौकशीत तू काही कबूल करू नकोस.”

“सकाळीच करून आलो,” तो म्हणाला. “माझ्या हातून झालं म्हणालो. सही दिली.”

“अरे, पण तू केलं काय होतंस?”

“तेच आठवत नाही बघ. भांडी धुतली होती, हातही धुतले होते. निदान मला तसं वाटत होतं. पण ते म्हणाले, तुझ्या बहिणीने तीनतीनदा पाहिलंय, भाजीत काही नाही. तुझं काम मला माहीत नाही का? मग उरलं कोण? मीच की.”

“मी भुकटी जास्त घातली, दादा. विष असेल तर ते तिनेच ओढून घेतलं असेल.”

“असेल काय? होतं की नव्हतं, ते सांग.”

होतं म्हणायला तिने आपला उजवा हात तोडून दिला असता.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “आता ते कळायला काही उरलंच नाही.”

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“म्हणजे ती दोघं मी मारली की नाही,” तो हळूच म्हणाला, “हे आता मलासुद्धा कळायचं नाही.”